ओल्या हाताचे गॅझेटियर

हात धुणे आणि पुढच्या वस्तूला हात लावणे यांच्या दरम्यान जो काळ जातो, त्यात माणसाचे हात अधांतरी असतात. कोपरे अंगाला चिकटलेली, पंजे छातीसमोर, बोटे खाली लोंबती आणि नजर भिरभिरती. शस्त्रक्रियेला निघालेला डॉक्टर आणि पंगतीतून उठलेला पाहुणा या अवस्थेत जवळजवळ सारखेच दिसतात. डॉक्टरची बोटे वर असतात आणि पुढे काय करायचे हे त्याला ठाऊक असते, एवढाच फरक. बीड जिल्ह्यात ही अवस्था बसस्थानके, खानावळी, रसवंत्या, मंगल कार्यालये, कचेऱ्या, दवाखाने आणि महामार्गावरचे ढाबे अशा सर्व ठिकाणी, बाराही महिने, आढळते.

हात कोरडे करायचे तर ते आधी ओले व्हावे लागतात, आणि जिल्ह्यात गाडे पुष्कळदा इथेच अडते. पर्जन्यछायेतला हा प्रदेश. पाऊस वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आले तर. त्यामुळे सार्वजनिक नळाखाली हात धरणाऱ्याला आधी नळाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. एका प्रकारात तोटी असते, पाणी नसते. दुसऱ्यात पाणी असते, तोटी नसते. तिच्या जागी बाभळीची खुंटी ठोकलेली असते. तिसऱ्यात दोन्ही असतात, पण तोटी बंद होत नाही म्हणून तिला चिंधी बांधलेली असते. ही चिंधी म्हणजे त्या आवारातली हात पुसण्याजोगी एकमेव वस्तू, आणि ती कायम भिजलेली. जागतिक आरोग्य संघटनेने सांगून ठेवले आहे की हात धुतल्यावर एकदाच वापरायच्या टॉवेलने ते कोरडे करावेत आणि त्याच टॉवेलने तोटी बंद करावी. टॉवेल आहे, तोटी आहे आणि तोटी बंद होते, अशी तीन गृहीतके या एका वाक्यात मावली आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘हात ओले होणे’ या वाक्प्रचाराला मराठीत आणखी एक अर्थ आहे, आणि कचेऱ्यांच्या आवारात तोच अधिक प्रचलित आहे. तसे ओले झालेले हात वाळवण्याची घाई कोणालाच नसते, त्यासाठी सरकारने काही सोय करावी अशी मागणीही आजवर झालेली नाही. साध्या पाण्याने हात ओले झालेल्या अर्जदाराची मात्र पंचाईत होते.

“अर्ज कामून भिजवला?” खिडकीपलीकडून विचारणा होते.

“हात धुतले होते, साहेब.”

“मग वाळवून आणायचा. उद्या या.”

हा अर्ज वाळवण्याचा सल्ला आहे की हात वाळवण्याचा, हे अर्जदाराला एसटीत बसेपर्यंत उमगत नाही.

हात कोरडे करण्याची सर्वांत जुनी आणि बिनखर्चाची पद्धत म्हणजे हात झटकणे. जबाबदारी टाळण्यालाही मराठीत हेच म्हणतात, आणि नीट पाहिले तर क्रिया एकच आहे: आपल्या हातावरचे काढायचे आणि शेजाऱ्याच्या अंगावर टाकायचे. झटकणाऱ्यांत दोन घराणी दिसतात. एक मनगटातून हळूच, नाडी पाहून घेतल्यासारखे झटकते. दुसरे खांद्यापासून, बैलाच्या पाठीवर आसूड ओढल्यासारखे. दुसऱ्या घराण्याचा माणूस बेसिनपाशी उभा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या चष्मेवाल्यांना काही क्षण जग धूसर दिसते. त्यानंतरचा संवाद ठरलेला आहे.

“ओ बप्पा, अंगावर उडालं की!”

“पाणीच हाय, दुसरं काय न्हाई.”

“ते कळलं. पण कशाचं पाणी?”

या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्यात कोणत्याही स्वच्छतागृहाबाहेर कोणी दिल्याची नोंद नाही.

झटकण्याला अलीकडे परदेशातून मान्यता मिळाली आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधील वकील जो स्मिथ यांनी २०१२ साली एका जाहीर व्याख्यानात हात नेमके बारा वेळा झटकावेत, असे करून दाखवले. मग कागदाचा एकच तुकडा, घडी घालून, पुरतो. बारा हा आकडा लक्षात राहावा म्हणून त्यांनी येशूचे बारा शिष्य, बारा महिने आणि बारा राशी असे दाखले दिले. ज्या जिल्ह्यात परळी-वैजनाथ आहे त्याला बारा आकडा शिकवायला ओरेगॉनहून कोणी येण्याची गरज नव्हती. एकेका झटक्याला एकेक ज्योतिर्लिंग, असा हिशेब इथे सहज धरता येतो. अडचण एवढीच की सोमनाथापासून मोजायला सुरुवात केली की स्तोत्राच्या क्रमाने पाचव्या झटक्यालाच परळी येते. जिल्ह्यातला माणूस तिथे समाधानाने थांबतो. उरलेली सात ज्योतिर्लिंगे झटकायची राहून जातात आणि हात निम्मा ओलाच राहतो.

दुसरी नैसर्गिक पद्धत उन्हाची. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असताना बेसिनपासून रस्त्यापर्यंत चालत गेले की हात कोरडे, तोंड कोरडे आणि घसाही कोरडा, अशी तिहेरी सेवा मिळते. ज्या दिवसांत गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळतात त्या दिवसांत हातांसाठी वेगळी व्यवस्था करणे ही उधळपट्टीच. मात्र श्रावणात झड लागली की ही पद्धत बंद पडते. झड लागली याचा सगळ्यांना इतका आनंद झालेला असतो की ओल्या हातांची तक्रार करायला कोणी धजत नाही.

अंगावरच्या कपड्यांना हात पुसणे हा सर्वाधिक प्रचलित आणि सर्वाधिक नाकारला जाणारा प्रकार. यात जागेची निवड महत्त्वाची. मांडीला पुढून पुसले तर दोन पंजे उमटतात आणि गृहस्थ स्वतःच्याच मिरवणुकीत निघाल्यासारखा दिसतो. म्हणून अनुभवी माणूस हात मागे नेतो. मागच्या खिशात पाकीट आहे की नाही हे चाचपण्याचा बहाणा करून दोन्ही तळवे एकदा वरून खाली फिरवले की काम होते. डाग मागे पडतो, म्हणजे तो ज्याचा त्याला दिसत नाही, आणि जे आपल्याला दिसत नाही ते इतरांनाही दिसत नसणार यावर माणसाची गाढ श्रद्धा असते. ही श्रद्धा घरी कपडे भिजत घालताना तुटते. येसराच्या आमटीचा रंग आणि तिच्यावरचा तवंग नुसत्या पाण्याने हातावरून जात नाही. तो पॅन्टीवर जातो.

“ही पिवळी बोटं कुठून आली?”

“लग्नाला गेलो होतो ना.”

“लग्न कोणाचं होतं, अन् हळद कोणाला लागली?”

डोक्यावर केस असलेल्यांना आणखी एक सोय उपलब्ध आहे. ओले हात केसांतून मागे फिरवायचे. हात कोरडे होतात, केस बसतात आणि कृतीला सौंदर्यप्रसाधनाची प्रतिष्ठा मिळते. वय वाढले की ही सोय कमी कमी होत जाते. मग मानेचा मागचा भाग उरतो. तिथे ओला हात ठेवून “काय ऊन आहे!” असे म्हणायची रीत आहे, मग महिना कोणताही असो.

शालेय मुलांसाठी दरवर्षी १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन साजरा होतो. २००८ पासून ही प्रथा आहे. गावोगावच्या शाळांत मुले रांगेने उभी राहून तळहात, मागची बाजू, मुठी, अंगठे, नखे आणि मनगट असे क्रमाने चोळतात, गुरुजी फोटो काढतात, फोटो वर पाठवला जातो. हात पुसण्याची पायरी फोटोत येत नाही, कारण तोवर मुलांनी ती एकमेकांच्या पाठीवर उरकलेली असते. घरी मात्र मुलांना आईचा पदर असतो. पाणी शोषण्याची क्षमता, उपलब्धता आणि किंमत या तिन्ही कसोट्यांवर पदराची बरोबरी करणारे साधन अजून निघालेले नाही. पदराला मुले हात पुसतात, मुलांचे वडील पुसतात, “जरा इकडं ये ग” म्हणून आजोबाही पुसतात. बाईचे स्वतःचे हात सगळ्यांत शेवटी येतात आणि तोवर पदराची कोरडी जागा संपलेली असते. आजोबांचे स्वतःचे धोतर असते आणि त्याला सोगाही असतो, पण तो त्यांनी पंढरपूरसाठी जपलेला असतो.

आता रुमालाकडे वळता येईल. हात पुसण्यासाठी म्हणून मुद्दाम बनवलेली वस्तू असूनही जिल्ह्यात रुमालाचा त्या कामाशी संबंध दुरून येतो. उन्हात तो डोक्याला बांधला जातो, धुळीत तोंडाला. त्यात प्रसाद बांधतात, चिल्लर बांधतात, आठवणीसाठी गाठ बांधतात आणि गाठ कशासाठी बांधली होती हे विसरतात. पण रुमालाचे मुख्य कार्य जागा धरणे हे आहे. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकला की ती जागा टाकणाऱ्याची, हा कायदा कुठेही लिहिलेला नाही आणि कंडक्टरसकट सगळ्यांना मान्य आहे. जागा धरली की प्रवासी निर्धास्तपणे भजी खायला जातो. भजी तेलकट, हात धुतले जातात, आणि मग लक्षात येते की रुमाल ड्युटीवर आहे. असा माणूस हात हवेत धरून गाडीत चढतो. दांडी धरता येत नाही, तोल सावरता येत नाही, आणि धरलेल्या जागेवर कोणीतरी बसलेले असते.

“हा रुमाल माझा आहे.”

“मग घ्या की.”

“जागापण माझी आहे.”

“जागेवर नाव हाय का?”

“रुमालावर आहे.”

नाव खरोखरच असते. घरच्यांनी कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने काढलेले असते. वाद वाढतो, मागून ‘सरका, सरका’ होते, शेवटी बसलेला गृहस्थ मोठ्या मनाने उठतो आणि रुमाल परत करतो. रुमाल ओला असतो. भजी त्यानेही खाल्लेली असतात.

रुमालाची दुसरी जात इस्त्रीची. ही चौघडी पांढरी वस्तू सदऱ्याच्या खिशात राहते आणि खिसा सोडून कुठेही जात नाही. ती जवळ असूनही मालक पॅन्टीला हात पुसतो, आणि कारण विचारले तर “रुमाल खराब होतो” असे सांगतो. या उत्तरातला दोष त्याला दाखवून देण्याचे धाडस सहसा घरचेच करतात. दुसऱ्याकडे रुमाल मागण्याची सोय नाही, कारण रुमाल दिला की भांडण होते असा समज आहे. हा समज रुमाल परत न मिळालेल्या एखाद्या माणसाने पसरवला असावा.

खानावळीतल्या सार्वजनिक टॉवेलवर स्वतंत्र ग्रंथ होऊ शकेल, पण त्याला हात लावायला संशोधक मिळणे कठीण. बेसिनशेजारच्या खिळ्याला तो टांगलेला असतो. मूळ रंग कोणाला आठवत नाही. कडेला राहिलेल्या हिरव्या रेघेवरून तर्क करावा लागतो. टॉवेलचा मध्य सर्वजण टाळतात आणि कोपरा शोधतात. कोपरे चार, गिऱ्हाईक दिवसाला दोनशे, आणि प्रत्येकाला वाटते की हा कोपरा आपल्यालाच प्रथम सापडला. त्यामुळे दुपारपर्यंत चारही कोपरे चिंब होतात आणि मध्यभाग त्या मानाने कोरडा राहतो. तरीही तिकडे हात जात नाही.

“मालक, हा टॉवेल कधी धुता का?”

“अहो, लोकं हात धुऊनच पुसतात त्याला. घाण होईलच कसा?”

हा युक्तिवाद पंचवीस वर्षे टिकून आहे. टॉवेलही.

याच जिल्ह्यात नवे कोरे टॉवेल हजारोंनी पडून आहेत, ही त्यातली गंमत. लग्नात, जावळात, बारशात, भूमिपूजनात आणि नुसत्या आगमनात माणसाच्या खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी ठेवायची मराठवाड्याची रीत आहे. पण आहेराचा टॉवेल हात पुसण्यासाठी नसतो, तो पुढे देण्यासाठी असतो. गेवराईच्या लग्नात मिळालेला टॉवेल माजलगावच्या बारशाला जातो, तिथून केजच्या साखरपुड्याला आणि अधिक मासात धोंड्याच्या जावयाबरोबर आष्टीला. त्याची घडी कुठेच मोडत नाही. तालुक्यातली इतकी घरे तलाठ्यानेही पाहिलेली नसतात. प्रवासात एखाद्या वेळी तो मूळ मालकाकडेच परत येतो. मालक त्याला ओळखत नाही, पण बायको ओळखते. असा नवा टॉवेल खांद्यावर मिरवत माणूस बेसिनपाशी जातो, हात धुतो, इकडेतिकडे पाहतो आणि पाकीट चाचपतो.

कागदाने हात पुसण्याची पद्धत अमेरिकेतून आली. १९०७ साली फिलाडेल्फियातल्या स्कॉट कंपनीकडे गरजेपेक्षा जाड कागदाचा रेल्वेचा एक डबाभर माल येऊन पडला. तो शौचालयात चालेना. त्याच सुमारास एका शिक्षिकेने सर्दी झालेल्या मुलांना हात पुसायला कागदाचे वेगवेगळे तुकडे दिल्याची बातमी मालक आर्थर स्कॉट यांच्या कानावर आली, आणि त्यांनी तो जाड कागद भोके पाडून हातपुसणे म्हणून विकायला काढला, असे सांगतात. बिघडलेला माल नवे नाव देऊन विकण्याची ही कला बाजारपेठेच्या कोणत्याही गावाला परकी वाटणार नाही.

जिल्ह्यात या कागदाचे दोन अवतार झाले. एक रद्दीचा. वडापावच्या गाड्यावर वर्तमानपत्राचे हातभर तुकडे दोरीत ओवून किंवा वजनाखाली दाबून ठेवलेले असतात. ते पाणी शोषत नाहीत, फक्त हातभर पसरवतात. मोबदल्यात शाई देतात. हात पुसणाऱ्याच्या तळव्यावर सोयाबीनचा परवाचा भाव उमटतो, अंगठ्यावर एखाद्या पुढाऱ्याचा अर्धा चेहरा. वाचनाची आवड असलेले लोक हात पुसता पुसता बातमी वाचू लागतात आणि शेवटच्या ओळी शोधायला दुसरा तुकडा ओढतात. मालकाला हे आवडत नाही.

दुसरा अवतार पेपर नॅपकिनचा. हे कागद इतके पातळ की एकातून पलीकडचे मेनूकार्ड वाचता येते. काटकसरी मालक ते कर्णावर कापून त्रिकोण करतो आणि स्टीलच्या ग्लासात कमळासारखे रचतो. एक ओढला की सात येतात; सहा परत खोचायला गेले की तेही ओले होतात. ओल्या हाताला लागताच नॅपकिनचा लगदा होतो आणि बोटांच्या बेचक्यांत गुंडाळ्या बसतात. त्या काढण्यासाठी पुन्हा हात धुवावे लागतात. नॅपकिन टाकायला डबा नसल्याने लोक तो ताटात टाकतात, आणि ताटात पाणी असल्याने पुढचे वर्णन टाळलेले बरे. जुन्या पिढीची पद्धत याहून स्वच्छ होती: ताटातच हात धुवायचे आणि ते पाणी जनावरापुढे ठेवायचे. दुष्काळात वाढलेल्या माणसाला वाहत्या नळाखाली हात धरताना आजही चोरी केल्यासारखे वाटते.

आता यंत्र. गरम हवेने हात वाळवणारे यंत्र शिकागोच्या जॉर्ज क्लेमन्स यांनी १९४८ साली प्रचारात आणले. त्याच वर्षी १ जूनला पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. एसटी आणि मुक्ती दोन्ही जिल्ह्याला लाभली. यंत्राला बराच वेळ लागला. ते आता काही मंगल कार्यालयांत आणि महामार्गावरच्या हॉटेलांत बेसिनच्या वर पांढऱ्या पेटीच्या रूपाने आढळते आणि बहुधा बंद असते.

“हे यंत्र चालतं का?”

“चालतं की. पण मोबाइल काढावा लागंल.”

“मग काढा ना.”

“नवरदेवाच्या मामाचाय.”

विषय इथे संपतो. यंत्रासाठी बसवलेले विजेचे सॉकेट हेच त्या यंत्राचे समाजाला झालेले खरे योगदान ठरते.

मामाचा मोबाइल चार्ज झाला आणि यंत्र सुरू करता आले, तरी वीज असावी लागते. विजेबाबत जिल्ह्याला कोणी कमी लेखू नये. परळीत औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७१ साली उभा राहिला. पण वीज करायलाही पाणी लागते. खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही म्हणून २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचे संच बंद करावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. म्हणजे पाणी नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून हातावरचे पाणी वाळत नाही, आणि मुळात पाणीच नाही म्हणून हात ओले होत नाहीत. ही व्यवस्था स्वयंपूर्ण आहे. तिला बाहेरच्या सुधारणेची गरज नाही.

चालू यंत्रासमोर माणूस कसा वागतो हे पाहण्याजोगे असते. यंत्राखाली हात धरला की ते दखल घेत नाही. हात वर न्या, खाली न्या, उलटे करा, जवळ जाऊन वाका, काही होत नाही. नाद सोडून हात मागे घेतला की ते घरघरत सुरू होते. बीडच्या प्रवाशाला यात अपमान वाटत नाही. विनंती थांब्यावर उभे राहिल्यापासून त्याला या वागणुकीची सवय आहे. दुसऱ्या खेपेला गरम हवा हाताला लागते. तळवे ऊबदार होतात आणि मग वयस्कर माणूस अगदी सहजपणे ते डोळ्यांना लावतो, कपाळाला लावतो आणि डोक्यावरून मागे नेतो. आरती घ्यायची सवय हाताला असते; समोर निरांजन आहे की पेटी, हे हात पाहत नाहीत. एका आजोबांनी पेटीपुढे दोन रुपयांचे नाणे ठेवलेले दिसले. मागच्या माणसाने ते उचलले नाही, स्वतःचे एक त्यात घातले.

वेगवान हवेची यंत्रे त्यानंतरची. जपानच्या मित्सुबिशीने १९९३ साली जेट टॉवेल काढले, इंग्लंडच्या डायसनने २००६ साली एअरब्लेड. नंतरच्या यंत्रात ताशी सुमारे साडेसहाशे किलोमीटर वेगाची हवा सुटते आणि दहा सेकंदांत हात कोरडे होतात, असा कंपनीचा दावा. ही यंत्रे पाहायला जिल्ह्याच्या माणसाला पुण्या-मुंबईचे मॉल किंवा विमानतळ गाठावे लागतात. नगरहून बीडला रेल्वे यायला काही दशके लागली आणि ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली, हे ज्याने पाहिले आहे त्याला हातावरून साडेसहाशेच्या वेगाने काही गेले तर दचकायला होतेच. हात दोन पात्यांच्या मध्ये घालायचे असतात. “बोटं तर जाणार न्हाईत?” अशी शंका कडबाकुट्टीशी परिचित असलेला माणूस घेतो, आणि ती अगदीच वेडगळ नाही. मग तो हात घालतो. हातावरचे पाणी खरोखर जाते. ते त्याच्या शर्टावर जाते.

यंत्र बरे की कागद, यावर शास्त्रज्ञांत बरीच जुंपली आहे. हात ओला राहिला की जंतू त्याच्यावरून इतर वस्तूंवर पुष्कळ अधिक जातात, हे न्यूझीलंडच्या संशोधकांनी १९९७ सालीच दाखवले होते; एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. पुढे २०१६ साली वेस्टमिन्स्टर विद्यापीठातल्या एका प्रयोगात निरुपद्रवी विषाणू लावलेले हात वाळवून पाहिले, तेव्हा वेगवान यंत्राने कागदापेक्षा तेराशे पटींनी अधिक विषाणू उडवल्याचे आढळले. यंत्रवाल्यांचे म्हणणे, इतके बरबटलेले हात घेऊन कोणी येतच नाही. कागदाला अनुकूल ठरलेल्या काही अभ्यासांचा खर्च कागदवाल्यांच्या युरोपीय संघटनेने केला होता. बाजार समितीची निवडणूक पाहिलेल्या वाचकाला याहून अधिक तपशील देण्याची आवश्यकता नाही. आष्टीच्या एखाद्या ढाब्यावरच्या टॉवेलची चाचणी कोणत्याही विद्यापीठाने घेतलेली नाही. त्या निकालासाठी तेराशे हा आकडा पुरेल का, हे सांगता येत नाही.

हात कसेही पुसले वा न पुसले, तरी शेवटचा अडथळा दारात उभा असतो. मंगल कार्यालयात तो वधूपित्याच्या रूपाने येतो. “जेवलात का? वाढप नीट झालं ना?” असे म्हणत तो हात पुढे करतो, आणि समोरचे हात अजून ठिबकत असतात. यावर समाजाने काढलेला तोडगा असा: ओल्या हाताचा माणूस पंजा खाली वळवून मनगट पुढे करतो. वधूपिता ते मनगट धरून हलवतो. लांबून पाहणाऱ्याला वाटते, पाहुण्याची नाडी तपासली जात आहे. बुंदीवर किती हात मारला हे माहीत असणाऱ्याला तसे वाटणे योग्यच असते.

तिथून सुटका झाली की बडीशेपेचे ताट येते. चमचा नसतो, तो बुंदीत अडकलेला असतो. पाहुणा दोन बोटे घालतो. बोटांना बडीशेप चिकटते, बडीशेपेला खडीसाखर, साखरेला उरलेला ओलावा, आणि बोटे चिकटून जे तयार होते ते घेऊन त्याला पुन्हा बेसिनकडे जावे लागते. तोवर पाचशे माणसांची पंगत उठलेली असते. नळ उघडला की आधी एक उचकी येते, मग दोन थेंब, आणि मग नुसती हवा.

डायसन कंपनीने २०१३ साली एकाच तोटीतून पाणीही येईल आणि हात वाळवणारी हवाही येईल असा नळ बाजारात आणला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. बीड जिल्ह्यातले नळ ही सेवा त्याच्या कितीतरी आधीपासून देत आले आहेत. त्यांना वीज लागत नाही, समोर हात नाचवावा लागत नाही, वेग बेताचा असतो आणि हवा थंड असते. पाहुणा दोन्ही तळवे तोटीखाली धरतो. फुस्स असा आवाज येत राहतो. मागे रांग लागलेली असते.

“पाणी हाय का, बप्पा?”

“न्हाई. पण थांबा थोडं, वाळवून घेतो.”